खेळ संपल्यानंतर मंदावणारा संगणक : कारणमीमांसा आणि निदानपद्धती

संगणकावर एखादा मोठा व्हिडिओ गेम तास-दोन तास चालवून बंद केला, की तोच संगणक त्यानंतर काही काळ विलक्षण मंद चालतो, हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. खेळ चालू असताना इतर कामे रेंगाळली तर त्यात नवल नाही. यंत्राची सारी शक्ती त्या वेळी खेळाच्या सेवेत गुंतलेली असते. परंतु खेळ बंद झाला, त्याची खिडकी नाहीशी झाली, आणि तरीही साधा लेख उघडावयास अर्धा मिनिट लागते, ही गोष्ट सकृद्दर्शनी तर्काला सोडून वाटते. कारण नाहीसे झाल्यावर कार्य उरावे कसे, असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर असे की, खेळ जातो, परंतु त्याने यंत्रात घडवून आणलेले बदल त्याच्याबरोबर जात नाहीत. ते चार ठिकाणी मागे राहतात : स्मृतीच्या वाटपात, यंत्राच्या तापमानात, लांबणीवर पडलेल्या कामांत, आणि पार्श्वभूमीवर चालू राहिलेल्या कार्यक्रमांत. यांपैकी प्रत्येकाचा परिणाम ओसरण्याची रीत निराळी आहे. म्हणूनच मंदपणा काळानुसार कसा बदलतो याचे निरीक्षण हेच निदानाचे मुख्य साधन होय, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय केवळ करमणुकीचा आहे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थ्यांपाशी एकच संगणक असतो. सायंकाळी ज्यावर खेळ होतो, त्यावरच रात्री प्रबंधाचे गणन चालते. कारण न ओळखता यंत्र जुने झाले असे ठरविणारा विद्यार्थी न परवडणारा खर्च करतो. घाईने सर्व डिस्क पुसून प्रणाली नव्याने बसविणारा एखादे वेळी वर्षाच्या श्रमाची सामग्री गमावून बसतो. आणि जो काहीच करीत नाही, तो आपल्या गणनाच्या वेळेची मोजमापे नकळत दूषित करतो. तिन्ही हानी टाळता येण्याजोग्या आहेत.

१. ‘मंद’ या शब्दाचे दोन अर्थ

संगणक मंद झाला, या एकाच तक्रारीत दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, गणनाची मंदता : प्रोसेसर दर सेकंदास करीत असलेल्या क्रियांची संख्याच घटलेली असते. दुसरी, प्रतिसादाची मंदता : प्रोसेसर पूर्ण वेगाने चालण्यास समर्थ असतो, पण त्यास हवी ती सामग्री वेळेवर मिळत नाही, म्हणून तो वाट पाहत थांबतो. वापरणाऱ्यास दोन्ही सारख्याच भासतात. उपायांच्या दृष्टीने मात्र त्या अगदी वेगळ्या आहेत, आणि त्यांत भेद करणारी परीक्षा अत्यंत सोपी आहे. तिचा विचार पुढे येईलच.

२. स्मृतीतील विस्थापन

पहिले आणि बहुधा सर्वांत नेहमीचे कारण स्मृतीसंबंधी आहे. व्यवहारात ज्यास आपण रॅम म्हणतो ती जलद स्मृती मर्यादित असते. चालू असलेल्या सर्व कार्यक्रमांची एकत्रित मागणी तिच्याहून अधिक असू शकते. ही अडचण दूर करण्यासाठी कार्यक्रमांची सामग्री सारख्या आकाराच्या पृष्ठांत विभागतात. लागणारी पृष्ठे रॅममध्ये व उरलेली डिस्कवर ठेवतात. या व्यवस्थेस आभासी स्मृती म्हणतात.

ही कल्पना प्रथम मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या ॲटलस या संगणकात मूर्त स्वरूपात आली. १९६२ साली कार्यान्वित झालेल्या या यंत्राची जलद स्मृती १६,३८४ शब्दांची, तर फिरत्या चुंबकीय ढोलावरील स्मृती ९८,३०४ शब्दांची होती. प्रत्येक पृष्ठ ५१२ शब्दांचे असल्यामुळे जलद स्मृतीत एका वेळी ३२ पृष्ठे मावत. आजच्या सर्वसामान्य वैयक्तिक संगणकात पृष्ठ ४,०९६ बाइटांचे असते, आणि अशी लक्षावधी पृष्ठे रॅममध्ये राहतात. प्रमाण बदलले, तत्त्व मात्र तेच राहिले.

आता ग्रंथालयातील अभ्यासिकेचे उदाहरण घेऊ. एका मेजावर चार वाचक आपापली पुस्तके मांडून बसले आहेत. इतक्यात पाचवा येतो आणि प्रचंड नकाशे पसरू लागतो. जागा पुरेना म्हणून ग्रंथपाल, ज्या पुस्तकांना बराच वेळ कोणी हात लावलेला नाही ती उचलून भांडारात ठेवून येतो. दोन तासांनी नकाशेवाला निघून जातो. मेज रिकामे होते. पण चौघांची पुस्तके आपोआप परत येत नाहीत. ज्याला जे पुस्तक पाहिजे त्याने चिठ्ठी द्यावी, शिपायाने भांडारात जावे, पुस्तक आणावे, असा क्रम प्रत्येक पुस्तकासाठी पाळावा लागतो. खेळ संपल्यानंतर नेमके हेच घडते. रॅम पुष्कळ मोकळी दिसते. परंतु ब्राउझर, लेखनाचा कार्यक्रम, किंबहुना मेनूची चित्रेसुद्धा डिस्कवर गेलेली असतात. मागितलेले पृष्ठ रॅममध्ये नाही असे आढळले म्हणजे त्यास पृष्ठदोष म्हणतात. अशा प्रत्येक पृष्ठदोषासरशी प्रोसेसरला डिस्कची वाट पाहावी लागते.

येथे कार्यकारी प्रणालीचा निर्णय चुकला असे म्हणता येणार नाही. एल. ए. बेलाडी यांनी १९६६ मध्ये दाखविल्याप्रमाणे, भविष्यात सर्वांत उशिरा लागणारे पृष्ठ बाहेर काढणे हा आदर्श नियम होय. परंतु भविष्य यंत्रास कळत नाही. म्हणून नजीकच्या भूतकाळावरून अनुमान करावे लागते. दोन तास ज्या लेखनकार्यक्रमास कोणी स्पर्श केला नाही, तो पुढेही लागणार नाही, हे अनुमान खेळ चालू असेतो योग्यच होते. खेळ बंद होताच भविष्य बदलते, आणि त्या अनुमानाचे मूल्य वापरणाऱ्यास चुकते करावे लागते.

हे मूल्य किती, याचा हिशेब करता येतो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये ‘वर्किंग सेट’ची, म्हणजे एखादा कार्यक्रम अलीकडच्या ठरावीक कालखंडात वापरीत असलेल्या पृष्ठांच्या संचाची, कल्पना मांडली. सर्व कार्यक्रमांच्या अशा संचांची बेरीज रॅमपेक्षा मोठी झाली, तर पृष्ठांची सतत ने-आण होऊन खरे काम जवळजवळ थांबते. या अवस्थेस थ्रॅशिंग म्हणतात. खेळ चालू असताना असे घडू शकते. खेळ संपल्यावर मात्र उरलेल्या कार्यक्रमांचे संच रॅममध्ये सुखाने मावतात. म्हणून नंतरचा विलंब हा सतत चालणारा नसून एकदाच द्यावयाचा असतो, आणि तो विस्थापित पृष्ठांची संख्या गुणिले प्रत्येक पृष्ठ आणण्याचा काळ, इतका असतो.

समजा, एक गिगाबाइट सामग्री विस्थापित झाली. ४,०९६ बाइटांप्रमाणे ती २,६२,१४४ पृष्ठे होतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी यांत्रिक डिस्क असेल, तर अर्ध्या फेऱ्यास सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचकशीर्ष योग्य जागी नेण्याचा काळ मिळविला, तर एका वाचनास १२ मिलिसेकंद धरावयास हरकत नाही. प्रत्येक पृष्ठ स्वतंत्रपणे आणावे लागले, तर एकूण काळ सुमारे ५२ मिनिटे होतो. घनस्थिती डिस्क, म्हणजे एसएसडी, असेल आणि एका वाचनास १०० मायक्रोसेकंद धरले, तर तेच काम सुमारे २६ सेकंदांत उरकते. प्रत्यक्षात प्रणाली शेजारची अनेक पृष्ठे एकदम वाचते आणि सर्वच पृष्ठे लगोलग लागत नाहीत, त्यामुळे हे दोन्ही आकडे कमाल मर्यादेचे समजावेत. तरीही यांत्रिक डिस्कच्या जुन्या संगणकावर ही तक्रार इतकी तीव्र का असते, हे त्यांवरून स्पष्ट होते.

या मंदपणाची खूण अशी : प्रत्येक खिडकी पहिल्यांदा उघडताना अडखळते, दुसऱ्यांदा तीच खिडकी तत्काळ उघडते.

३. शेष उष्णता

प्रोसेसरचा वीजवापर स्थूलमानाने वारंवारतेच्या आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खेळात प्रोसेसर व चित्रप्रक्रियक, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, दोन्ही प्रदीर्घ काळ जवळजवळ पूर्ण भाराने चालतात. तापमान ठरलेल्या मर्यादेस पोहोचले, की प्रोसेसर आत्मरक्षणार्थ वारंवारता व विद्युत्दाब दोन्ही उतरवितो. खेळ संपल्यावर सिलिकॉनचा तुकडा काही सेकंदांतच निवू लागतो. परंतु त्यास जोडलेली तांब्याची नळी, पंखे आणि यंत्राचे कवच यांत साठलेली उष्णता सावकाश जाते. लॅपटॉपसारख्या अरुंद यंत्रात हे विशेष जाणवते.

निवण्याची ही क्रिया न्यूटनच्या शीतलन-नियमास बऱ्याच अंशी अनुसरते : खोलीच्या तापमानापेक्षा अधिक असलेला अंश घातांकी रीतीने घटतो. समजा, हा अधिक अंश ५० अंश सेल्सिअस आणि कालस्थिरांक तीन मिनिटे आहे. तर तीन मिनिटांनी तो सुमारे १८, सहा मिनिटांनी ७ व नऊ मिनिटांनी अडीच अंश उरेल. याचा अर्थ असा की, उष्णतेमुळे आलेला मंदपणा दहा-पंधरा मिनिटांत ओसरलाच पाहिजे. मात्र वरील नियमात आधारपातळी खोलीच्या तापमानाची असते, हे विसरता कामा नये. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडील एखाद्या खोलीत आणि डिसेंबरात नाशिकच्या खोलीत एकाच यंत्राची वागणूक निराळी दिसेल. पंख्याच्या मार्गात धूळ साठली असल्यास कालस्थिरांकच वाढतो.

पंधरा मिनिटांनंतर यंत्र हाताला थंड लागते, पंखा शांत आहे, आणि तरीही वारंवारता अतिशय खालीच अडकून पडली आहे, असे आढळले तर दोष उष्णतेचा नव्हे. अशा वेळी वीजबचतीची मांडणी बदलली आहे काय, चार्जर पुरेशा क्षमतेचा आहे काय, हे पाहावे. अपुऱ्या शक्तीच्या चार्जरवर काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम रोखून धरतात.

४. लांबणीवर पडलेली कामे

खेळास अडथळा येऊ नये म्हणून आजच्या प्रणाली इतर कामे मागे सारतात. विंडोजमध्ये २०१७ साली आलेली ‘गेम मोड’ ही सोय खेळ चालू असेतो चालकांची, म्हणजे ड्रायव्हरांची, स्थापना होऊ देत नाही. स्टीम या खेळवितरण-प्रणालीत खेळ चालू असताना इतर खेळांची डाउनलोड थांबविण्याची मांडणी मुळातच केलेली असते. याखेरीज विषाणूशोध, शोधसूची तयार करणे यांसारखी कामे यंत्र मोकळे दिसेपर्यंत थांबून राहतात. खेळ बंद होणे हीच या साऱ्यांना मिळालेली सूचना ठरते. दोन तास तुंबलेले काम एकाच क्षणी पुढे येते. त्यातच खेळाची प्रगती दूरस्थ साठ्यात पाठविण्याचे कामही याच वेळी चालू होते.

या प्रकारात मंदपणा काळाच्या कोणत्याही सुबक नियमाने ओसरत नाही. काम संपेपर्यंत तो टिकतो, आणि संपताच एकदम थांबतो. डिस्क अथवा नेटवर्क सतत व्यग्र असणे ही त्याची खूण होय. डिस्क जवळजवळ पूर्ण भरलेली असल्यास यात भर पडते, कारण एसएसडीस लेखनासाठी मोकळे विभाग तयार ठेवावे लागतात. एकेक आधुनिक खेळ १०० गिगाबाइटांहून अधिक जागा व्यापू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे न खेळले जाणारे खेळ काढून टाकण्याचे महत्त्व पटेल.

५. मागे उरलेले कार्यक्रम

खिडकी मिटली म्हणजे कार्यक्रम संपला असे नव्हे. खेळ सुरू करून देणारे लाँचर, आवाजाचे संभाषण चालविणारे, पडद्याचे चित्रण करणारे कार्यक्रम खेळानंतरही चालूच राहतात. क्वचित खेळाची मूळ प्रक्रियाच अर्धवट अडकते आणि प्रोसेसरचा एखादा गाभा पूर्णपणे व्यापून बसते.

येथे एक तांत्रिक भेद ध्यानात ठेवावा. सर्वसाधारण प्रक्रिया संपली, की तिने घेतलेली सर्व स्मृती प्रणाली परत घेते. प्रक्रियेच्या लेखनात कितीही दोष असला तरी यात फरक पडत नाही. परंतु प्रणालीच्या गाभ्यात चालणाऱ्या चालकांनी घेऊन न परतविलेली स्मृती खेळाबरोबर मुक्त होत नाही. ती मोकळी करण्यास यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. खेळांतील लबाडी रोखणारे काही कार्यक्रम असे गाभ्यात चालतात. व्हॅलोरंट या खेळाबरोबर २०२० साली आलेले व्हॅनगार्ड तर यंत्र सुरू होतानाच सुरू होते. अर्थात अशा कार्यक्रमाचे केवळ अस्तित्व हा मंदपणाचा पुरावा नव्हे. मोजमापाने सिद्ध होईपर्यंत त्यास दोषी धरू नये.

‘पुन्हा सुरू करणे’ याचाही अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असल्यास ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा खरोखर बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत आणली जाते. गाभ्यातील बिघाडही अर्थात तिच्याबरोबर परत येतो. ‘रीस्टार्ट’ या आज्ञेत मात्र गाभा नव्याने उभा राहतो. रोज रात्री यंत्र बंद करूनही दोष जात नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा भेद आधी तपासावा.

६. निदानाचा क्रम

आता वर उल्लेखिलेली परीक्षा पाहू. एक लहानसा गणनकार्यक्रम तयार ठेवावा : थोड्याच संख्यांवर कोट्यवधी वेळा तेच गणित करणारा, डिस्कला मुळीच न विचारणारा. यंत्र ताजे व थंड असताना त्यास लागणारा काळ नोंदवावा. खेळ बंद केल्याबरोबर, आणि त्यानंतर दर दोन मिनिटांनी, तोच कार्यक्रम चालवून काळ नोंदवीत जावे. यावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(अ) गणनाचा काळ पूर्ववत आहे, परंतु खिडक्या प्रथम उघडताना अडखळतात : कारण स्मृतीतील विस्थापन. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमधील ‘हार्ड फॉल्ट्स’चा आकडा, किंवा लिनक्सवर व्हीएमस्टॅट या आज्ञेतील ‘एसआय’ हा स्तंभ, याची साक्ष देईल.

(आ) गणनाचा काळ प्रथम वाढलेला असून दर नोंदीस क्रमाने घटत जातो : कारण उष्णता.

(इ) गणनाचा काळ थोडा वाढलेला व अनियमित आहे, डिस्क वा नेटवर्क सतत व्यग्र आहे : कारण लांबणीवर पडलेली कामे. टास्क मॅनेजरमध्ये कार्यक्रमांची यादी डिस्कच्या वापरानुसार लावल्यास काम करणारा सापडतो.

(ई) गणनाचा काळ वाढलेला असून अर्ध्या तासानेही तसाच आहे, पण रीस्टार्टने पूर्ववत होतो : कारण मागे उरलेला कार्यक्रम किंवा चालक.

(उ) रीस्टार्टनंतरही, खेळ न उघडता, मंदपणा कायम आहे : खेळ निर्दोष आहे. डिस्कचा बिघाड, धूळ, वीजबचतीची मांडणी यांकडे वळावे, आणि सर्वांत आधी महत्त्वाच्या सामग्रीची प्रत अन्यत्र ठेवावी.

एखादे वेळी दोन कारणे एकत्र येतात. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशास्त्राचा सामान्य नियम येथेही लागू आहे. पाच उपाय एकदम करून यंत्र सुधारले, तर ते कशाने सुधारले हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पाचही करावे लागतात.

७. उपाय आणि अपाय

स्मृतीच्या बाबतीत खरा उपाय म्हणजे रॅम वाढविणे, अथवा यांत्रिक डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे. खेळापूर्वी ब्राउझरसारखे मोठे कार्यक्रम बंद करणे हा बिनखर्चाचा उपाय होय. रॅम ‘साफ’ करण्याचे आश्वासन देणारे कार्यक्रम मात्र टाळावेत. ते इतर कार्यक्रमांची पृष्ठे सक्तीने बाहेर काढून मोकळ्या स्मृतीचा आकडा फुगवितात. म्हणजे ज्या विस्थापनामुळे मंदपणा आला, तेच ते पुन्हा घडवितात. पृष्ठांसाठी राखलेली फाइलच बंद करून टाकावी, हा सल्लाही फसवा आहे. कार्यक्रमांचा संकेत आणि वाचलेल्या फाइली यांची पृष्ठे त्या फाइलीत लिहिली जातच नाहीत. ती नुसती टाकून दिली जातात व मूळ फाइलीतून पुन्हा वाचली जातात. सबब विलंब पूर्णपणे टळत नाही, आणि रॅम संपल्यास कार्यक्रम अकस्मात बंद पडण्याचा धोका मात्र वाढतो.

उष्णतेवर उपाय म्हणजे धूळ काढणे, यंत्र गादीवर न ठेवता कठीण पृष्ठभागावर ठेवणे, आणि खेळातील दृश्यांचा वेग मर्यादित करणे. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर सेकंदास १५० चित्रे तयार करण्यात खर्ची पडणारी पुष्कळशी वीज उष्णतेखेरीज फारसे काही देत नाही. लांबणीवर पडलेल्या कामांना वेळ नेमून द्यावा. रात्रीच्या जेवणाचा अर्धा तास त्यांस बहुधा पुरतो.

८. संशोधनातील कालमापनासंबंधी

शेवटी, ज्या गोष्टीसाठी हा विषय या पत्रिकेत मांडणे आवश्यक वाटले, तिच्याकडे वळू. दोन गणनरीतींपैकी कोणती जलद, हे ठरविण्यासाठी आपले विद्यार्थी त्या एकाच यंत्रावर चालवून काळ मोजतात. यंत्राची मागील अवस्था त्या मापनात शिरते, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. खेळानंतर लगेच मोजलेली पहिली रीत तप्त यंत्रावर, विस्थापित पृष्ठांसह चालते. दुसरी रीत दहा मिनिटांनी निवलेल्या यंत्रावर चालते. दुसरी जलद ठरली, तर तो गुण रीतीचा की यंत्राच्या विश्रांतीचा, हे सांगता येणार नाही. आणि जो दोष खेळामुळे येतो, तो कोणत्याही मोठ्या गणनामुळेही येऊ शकतो. खेळ न खेळणाऱ्याने निर्धास्त राहावे असे नाही.

म्हणून मापनापूर्वी यंत्र रीस्टार्ट करून पंधरा मिनिटे स्वस्थ ठेवावे. पहिल्या एक-दोन धावा सोडून द्याव्यात. दोन्ही रीती आलटून पालटून अनेक वेळा चालवाव्यात. आणि केवळ सरासरी न देता प्रत्येक धावेचा काळ, तिचा क्रम व खोलीचे तापमान नोंदवावे. या नोंदींत काळ क्रमाने घटत अथवा वाढत जाताना दिसला, तर यंत्राची पूर्वावस्था अद्याप ओसरलेली नाही असे समजून मापन पुन्हा करावे.